डब्याला पावती, ट्रेलरला काहीच नाही

(दृश्य: पहाट. उरण रस्त्यालगतचं यार्ड. ओळीनं उभे रिकामे ट्रेलर.)

जासईजवळचं हे यार्ड. पहाटेचे साडेपाच. एका अंगाला घोडे उभे आहेत, म्हणजे इंजिन-केबिनचा पुढचा भाग. दुसऱ्या अंगाला नुसते ट्रेलर, ज्यांच्यावर डबा म्हणजे कंटेनर ठेवतात. घोडा निदान शिफ्टपुरता तरी एका ड्रायव्हरच्या हातात असतो. ट्रेलर रोज बदलतो. काल रात्री कुणी चाकणहून आला, ट्रेलर सोडला आणि घोडा घेऊन दुसऱ्या भाड्याला गेला. आज तोच ट्रेलर जोडून दुसरा कुणी तळोज्याला जाणार. दोघांची गाठ पडत नाही. पडली तरी रस्त्यात, समोरासमोर, हॉर्नपुरती.

(दृश्य: टॉर्चच्या उजेडात ट्रेलरखाली वाकलेला ड्रायव्हर.)

हे मामा मूळचे जत तालुक्यातले. नाव नको म्हणाले, चेहरा चालेल म्हणाले. ट्रेलर जोडायच्या आधी ते त्याच्याभोवती एक फेरी मारतात. सक्ती कुणाची नाही, ही सवय त्यांना उस्तादानं लावली.

आधी टायर. आतल्या बाजूचं चाक बाहेरून दिसत नाही, म्हणून ते पान्यानं ठोकून आवाज ऐकतात. हवा असेल तर आवाज टणक येतो, नसेल तर बद्द. मग नट. नटाभोवती गंजाची लाल रेघ ओघळलेली दिसली, की तो सैल झालाय असं समजायचं. मग कमानीचे, म्हणजे सस्पेन्शनचे, पाटे. मेन पाट्याला बारीक चीर असते, वर ग्रीस आणि माती बसलेली. बोटानं पुसल्याशिवाय दिसत नाही.

आता इथे जरा थांबू.

(दृश्य: ब्रेक बूस्टरचा क्लोज-अप. मागून बाहेर आलेला आटे असलेला बोल्ट.)

चाकामागचं हे गोल भांडं म्हणजे ब्रेकचा बूस्टर. आत जबर ताकदीची स्प्रिंग आहे. हवेचा दाब आला की स्प्रिंग दबते आणि चाक मोकळं होतं. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो. रचना चांगली आहे. पाईप फुटला तरी गाडी मोकाट पळत नाही, जागेवर जाम होते.

पण ती जाम होते रस्त्यातच. रात्री दोनला, गव्हाण फाट्याच्या पुढे, मागे गाड्यांची रांग. अशा वेळी ड्रायव्हर खाली उतरतो, बूस्टरच्या मागून हा लांब बोल्ट आत घालतो, फिरवून अडकवतो आणि नट आवळत जातो. स्प्रिंग दबलेली राहते, चाक सुटतं. गळका पाईप दुमडून तारेनं बांधला की उरलेल्या चाकांना हवा पुरते. गाडी यार्डात येते. त्याचं काम झालं. अडचणीच्या जागेतून गाडी काढायला हा उपाय ठीक आहे, आणि तो ज्याला येत नाही तो या रस्त्यावर टिकत नाही.

पण ट्रेलर सोडताना बोल्ट तसाच राहिला. एरवी हा बोल्ट बूस्टरच्या कडेला त्याच्या खोबणीत बसलेला असतो. इथे तो वीतभर बाहेर आलाय. म्हणजे या चाकाला पार्किंग ब्रेक नाही. पाईप बांधलेला असेल तर पायाचा ब्रेकही नाही. केबिनमध्ये मात्र काट्यावर हवा पूर्ण दिसते. पुढच्याला कळणार कसं?

मामांना कळलं, कारण ते वाकले.

(दृश्य: घोडा मागे घेणं. फिफ्थ व्हीलवर सरकणारा ट्रेलर.)

पुढची पायरी जोडणीची. घोडा सरळ मागे घ्यायचा. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालची पिन म्हणजे किंगपिन, आणि घोड्याच्या पाठीवरची जोडणीची चकती म्हणजे फिफ्थ व्हील. किंगपिन फिफ्थ व्हीलच्या जबड्यात शिरला की खटकन आवाज येतो. त्या आवाजावर विसंबायचं नाही. खाली उतरून टॉर्च मारायचा आणि जबडा पिनभोवती पूर्ण मिटलाय का ते डोळ्यांनी बघायचं. मग ट्रेलरचे ब्रेक धरून, पहिल्या गिअरमध्ये पुढे हलकासा झटका द्यायचा. सुटला नाही तर जोडणी पक्की. लाल आणि पिवळा असे हवेचे दोन पाईप, दिव्यांची केबल, आणि शेवटी सुटा ट्रेलर ज्यांच्यावर उभा राहतो ते त्याचे पुढचे पाय वर घ्यायचे.

या ट्रेलरचा डावा पाय वाकलेला आहे. फिरवायचा हँडल गायब, त्याच्या जागी पाईपचा तुकडा. हे कुणी केलं, कधी केलं, कुणालाच सांगता येत नाही.

(दृश्य: गेटवर कंटेनरची तपासणी. सर्व्हेयर पत्र्यावर हात फिरवतोय.)

आता हे बघा. हा सर्व्हेयर डब्याभोवती फिरतोय. पत्र्याला पोचा, दाराचं रबर फाटलेलं, खालच्या फळीला भोक, सगळं टिपून घेतोय. त्याची पावती होते, इक्विपमेंट इंटरचेंज रिसीट. डबा कुणाच्या हातून कुणाच्या हातात कोणत्या अवस्थेत गेला, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. उद्या भांडण झालं तर कागद बोलतो.

न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्याच्याभोवती द्रोणागिरीपासून पळस्प्यापर्यंत गोदामं आणि यार्डं उभी राहिली, कळंबोलीला ट्रकांचं गाव वसलं. इतक्या वर्षांत डब्याच्या पावतीची पद्धत पक्की बसली. डब्याखालच्या ट्रेलरसाठी या यार्डात तशी पावती नाही. घोडा, ट्रेलर आणि माल मिळून ५५ टनांपर्यंत वजन कायद्यानं रस्त्यावर चालतं. ते ज्या चाकांवर आणि ज्या ब्रेकवर चालतं, त्यांचा हिशेब तोंडी. तोंडीही क्वचितच.

पासिंग, म्हणजे फिटनेसची सरकारी तपासणी, होतं, नाही असं नाही. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पण मधल्या दिवसांत हा ट्रेलर किती हातांतून जातो!

(दृश्य: चहाच्या टपरीवर चौघे ड्रायव्हर.)

मग सोडणारा सांगत का नाही? आम्ही हाच प्रश्न विचारला. चौघांचंही उत्तर तेच. सांगितलं तर गाडी उभी राहते. गाडी उभी राहिली की ट्रिप गेली, आणि पगार ट्रिपवर. वर मुकादम विचारणार, तुझ्याच हातात कसा बिघडला? पार्टचे पैसे कापले गेल्याचं दोघांनी सांगितलं. म्हणून माणूस ट्रेलर गुपचूप रांगेत लावतो आणि चावी देऊन निघतो. आम्ही त्याला दोष देत नाही. ज्यानं खरं बोलायचं त्याचाच खिसा कापला जात असेल, तर खरं कोण बोलेल?

कायद्याला हे कळतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० सदोष वाहन चालवणाऱ्याला धरतं, तसंच ते चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही धरतं. अट एवढीच, की दोष धोका निर्माण करणारा असावा, आणि तो माहीत असावा किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा असावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १,५०० रुपये. टपरीवर विचारलं, तर मालकानं दंड भरल्याचं एकालाही आठवलं नाही.

(दृश्य: वळणावर कललेला ट्रेलर, दुरून. क्रेन.)

डबा ट्रेलरला जखडून ठेवणारा ट्विस्ट लॉक गंजून अडकलेला असतो, तारेनं बांधलेला असतो, आणि वळणावर डबा खाली येतो. गुन्हा स्टेअरिंगवरच्या माणसावर दाखल होतो.

(दृश्य: वहीचं पान, जवळून.)

ही दोनशे पानी वही याच यार्डातल्या ड्रायव्हरांनी स्वतःच्या पैशानं आणली. रकाने पट्टीनं आखलेत: ट्रेलर नंबर, तारीख, काय बिघाड, सोडणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. काही नोंदी मराठीत, काही हिंदीत. ‘मागचा डावा बूस्टर बोल्टवर आहे, उतारावर लावू नये.’ ‘टेल लॅम्प बंद, वायर उंदराने खाल्ली.’ ‘उजवीकडचं मधलं लॉक फिरत नाही, वीस फुटी डबा घेऊ नका.’

मामांनी आजची नोंद केली आणि ट्रेलर न्यायला नकार दिला. सुपरवायझर चिडला. अर्धा तास वाद झाला. मग दुसरा ट्रेलर मिळाला, आणि त्यांची तळोज्याची पाळी हुकली.

वहीत सहावा रकाना आहे, सुपरवायझरच्या सहीचा. तो सगळ्या पानांवर कोरा आहे. ड्रायव्हरांची मागणी त्याच रकान्याची आहे. डब्याच्या पावतीसारखी ट्रेलरचीही पावती गेटवर व्हावी, तिच्यावर यार्डाची सही असावी, आणि ब्रेकचा किंवा लॉकचा बिघाड लिहिलेला ट्रेलर दुरुस्त झाल्याशिवाय गेटबाहेर सोडू नये. बिघाड लिहिणाऱ्याची ट्रिप कापू नये. अर्ज मालकाकडे दिलाय. वही चालू आहे.