कृष्णकमळाच्या पानातून कोंब: प्रमाणाची गोष्ट

(बागप्रेमी, शेतकरी आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषयात कृष्णकमळ आहे म्हणून बागवाले आलेत आणि संप्रेरकं, म्हणजे वनस्पतींची हार्मोन्स, आहेत म्हणून द्राक्षवालेही आलेत, याचा मला फार आनंद आहे. आपल्या कुंपणावरचं कृष्णकमळ, ब्राझीलमध्ये मळेच्या मळे लावतात ते पॅशन फ्रूट आणि रस्त्याकडेला जाळीदार हिरव्या आवरणात फळ धरणारी ती रानवेल, ही सगळी पॅसिफ्लोरा या एकाच प्रजातीतली. तिच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. यातल्या एखाद्या वेलीच्या पानाचा नखाएवढा तुकडा बाटलीत ठेवून त्यातून अख्खी वेल कशी उभी करतात, ते आज सांगायचं आहे.

त्याआधी एक तक्रार. आपण मुलांना संप्रेरकं शिकवतो ती जोड्या लावा म्हणून. ऑक्झिन मुळं आणतं, सायटोकायनिन कोंब आणतं, जिबरेलिन उंची वाढवतं, इथिलीन फळ पिकवतं. मुलांना गुण मिळतात आणि तीच समजूत घेऊन ती शेतात उतरतात. मग संप्रेरक म्हणजे टॉनिक, आणि टॉनिक म्हटलं की थोडं जास्तच बरं! हे मला मनापासून खुपतं.

टू-फोर-डीचं नाव काढलं की द्राक्षवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडणारच. शेजारच्या उसात कुणी रुंद पानांचं तण मारायला ते फवारलं आणि वारा आपल्याकडे वळला, की वेलीची पानं पंख्यासारखी आखडतात. पण हे टू-फोर-डी म्हणजे एक कृत्रिम ऑक्झिन आहे. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात पॅसिफ्लोरा सिनसिनाटा नावाची वेल वाढते. तिच्या बियांतले गर्भ काढून टू-फोर-डी आणि बीएपी घातलेल्या पोषक माध्यमावर ठेवले, की त्यांच्या पेशींतून नवे गर्भ तयार होतात आणि त्यांची रोपं होतात. बीएपी हे सायटोकायनिन. थिडायझुरॉन या सायटोकायनिनसारखं काम करणाऱ्या कृत्रिम द्रव्याचंही तसंच. यंत्राने कापूस वेचतात तिथे वेचणीआधी पानं गाळायला ते फवारतात, आणि बाटलीत त्याची अगदी सूक्ष्म मात्रा दिली की कोंब फुटतात. आता सांगा, जोडी कुठे लावायची? सगळं प्रमाणावर ठरतं.

ही प्रमाणाची गोष्ट कळली कशी, तो किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग यांची प्रयोगशाळा होती. तंबाखूच्या खोडातल्या भेंडाचे तुकडे ते ऑक्झिनवर ठेवत. पेशी फुगत, पण विभागत नसत. नारळपाणी घातलं की विभागत. (कोकणातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, योग्यच आहे.) नारळपाण्यात काय आहे ते सापडेना. यीस्टच्या अर्कातही तसंच काहीतरी होतं, आणि खुणा न्यूक्लिक आम्लाकडे बोट दाखवत होत्या, आणि डीएनए हे त्यातलंच. म्हणून कार्लोस मिलर यांनी कपाटातली डीएनएची एक जुनी बाटली घेतली. तो डीएनए होता हेरिंग माशाच्या शुक्राणूंचा. हसा, हसा, पण तंबाखूच्या पेशी धडाधड विभागू लागल्या! बाटली संपली, नवी मागवली. ताजा डीएनए घातला तर काहीच नाही. पुन्हा जुना शोधून घातला, पुन्हा विभाजन. मग उलगडलं: मूळ डीएनएत ते द्रव्य नव्हतंच, तो जुना होताना ते तयार झालं होतं. ताजा डीएनए ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या भांड्यात तापवला, की तोही काम करू लागला. 1955 मध्ये त्या द्रव्याचं नाव जाहीर झालं, कायनेटिन. तेही सायटोकायनिनच.

1957 मध्ये स्कूग आणि मिलर यांनी पुढचा प्रयोग मांडला. ऑक्झिन जास्त आणि कायनेटिन कमी, तर मुळं. उलट केलं, तर कोंब. दोन्ही बेताचं, तर नुसता पेशींचा गोळा, म्हणजे कॅलस. तेव्हा एकट्या संप्रेरकाला विचारून उपयोग नाही, जोडीला कोण आहे आणि किती आहे ते विचारायचं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, वेळ थोडा उरलाय. पॅशन फ्रूटवर भरभर येतो.

जळगावची टिश्यू कल्चर केळी सर्वांना ठाऊक आहे. तिथे कंदात अंकुर आधीच असतो, आपण तो वाढवतो आणि फोडतो. पॅशन फ्रूटच्या पानाच्या तुकड्यात अंकुर नसतोच, तो नव्याने घडवायचा असतो. बहुतेकदा लिटरला एखादा मिलिग्रॅम बीएपी पुरतं, वेगळं ऑक्झिन लागतंच असं नाही, कारण ते तुकड्यात स्वतःचं असतं. सिनसिनाटाच्या तर मुळाच्या तुकड्यांतूनही कोंब निघतात. मात्र एका जातीला मानवलेलं प्रमाण दुसरीला मानवेल याची खात्री नाही. आणि भरपूर कळ्या आल्या म्हणून त्याच माध्यमावर ठेवलं, तर त्या खुरटतात. लांबायला त्यांना बीएपी कमी केलेल्या किंवा बिनबीएपीच्या माध्यमावर हलवावं लागतं.

दुसरं, झाकण. बंद बाटलीत इथिलीन साठतं आणि ही वेल त्याला फार हळवी. पानं पिवळी पडून गळतात, कोंब थांबतात. म्हणून माध्यमात थोडं सिल्व्हर नायट्रेट घालतात, चांदीमुळे पेशींना इथिलीनची जाणीव होत नाही. किंवा हवा खेळेल असं सच्छिद्र झाकण लावतात. आपण न घातलेलं संप्रेरकही हिशेबात धरायचं ते असं.

आता कुणी विचारेल, छाट कलम सहज जगतं, मग एवढा खटाटोप कशाला? कारण कलमाबरोबर विषाणूही येतो. ब्राझीलमध्ये चवळीच्या माव्यातून पसरणाऱ्या मोझॅक विषाणूने बागा कडक, वेडीवाकडी फळं देऊ लागतात. प्रतिकाराचा जनुक पेशीत घालायचा, तर त्या पेशीतून वेल उभी करता आलीच पाहिजे. मिनास जेराइसमधल्या व्हिसोझा विद्यापीठात पॅसिफ्लोराच्या पुनर्जननावर मोठं काम झालं आहे.

खरी अडचण वयाची आहे. कोवळ्या रोपाचं पान चटकन कोंब देतं, पण पिवळं पॅशन फ्रूट स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. सुतार भुंगा दुसऱ्या वेलीचा पराग आणतो, म्हणून प्रत्येक बी वेगळं. त्या रोपाला पुढे कसं फळ लागेल, ते आज कळत नाही. ज्या वेलीचं फळ आपण चाखून पारखलंय, तिचं पान मात्र जुनं, हट्टी आणि आत जंतू बाळगून असलेलं. त्यामुळे आधी तिचा शेंडा कोवळ्या रोपावर कलम करायचा, पुन्हा पुन्हा छाटायचा, आणि नवी फूट आली की तिचं पान बाटलीत न्यायचं. मग तेच बीएपी लागू पडण्याची शक्यता वाढते.