सिरिंज नाकारू नका

नमस्कार श्रोतेहो.

दुपारची वेळ आहे. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी अक्का-मावश्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या असतील, शेजारी रेडिओ चालू असेल. आजचा विषय आहे सुईने केलेली नशा आणि तिच्यातून पसरणारे रोग. तो ऐकला की काहीजणी आवाज बारीक करतील, मला ठाऊक आहे. पण करू नका. हा विषय अशाच एका घरातून माझ्यापर्यंत आला आहे.

मी एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. मागे एक आई बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. मुलाच्या दंडावर गळू झालं होतं. आधी दोघं एका दवाखान्यात जाऊन आली होती. तिथे सुईचे व्रण बघून त्याला सगळ्यांदेखत 'गर्दुल्ला' म्हटलं गेलं. पोरगं उठलं आणि चालतं झालं. पुढे दोन महिने ते कुठल्याच डॉक्टरकडे गेलं नाही. गळू चिघळलं. आणि त्याच दोन महिन्यांत एक सिरिंज चार मित्रांत फिरत राहिली.

तो हेरॉइन घेत नव्हता. जिममध्ये कुणीतरी सांगितलं होतं की हे इंजेक्शन घे, दम लागणार नाही. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर तो चढवायला डॉक्टर जे औषध देतात, ते ही पोरं व्यायामाआधी टोचून घेतात. पुढे व्यायाम राहतो बाजूला आणि इंजेक्शन तेवढं उरतं. मी त्याला विचारलं, "सुई ज्याची त्याची असते का?" तो म्हणाला, "मॅडम, सुई असते कधी वेगळी. बाटली मात्र एकच."

ही बाटली मला फार महत्त्वाची वाटते. एका बाटलीत अनेक वेळचं औषध असतं. वापरलेली सुई पुन्हा तिच्यात बुडवली की डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश आत जातो. मग चौथ्या मित्राने कोरी सुई आणली तरी उपयोग काय? हेपटायटिस सी नावाची कावीळ अशीच पसरते. प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासात सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला होता. म्हणजे संक्रांतीला वापरलेली सिरिंज शिमग्यापर्यंत धोक्याची.

आता तुम्ही म्हणाल, उपाय सोपा आहे, सिरिंज मिळूच देऊ नका. हा उपाय एका शहराने करून पाहिला आहे.

स्कॉटलंडमधलं एडिंबरा. १९८०च्या सुमारास तिथे हेरॉइन टोचून घेणारी तरुण मुलं वाढली. औषध दुकानदारांनी सिरिंज विकणं बंद केलं, पोलीस सापडेल ती सिरिंज जप्त करू लागले. हेतू वाईट नव्हता. पण नशा काही थांबली नाही, सिरिंज तेवढ्या कमी पडल्या. एकेका सिरिंजवर अनेकजण आले. तिथे वस्तीत दवाखाना चालवणारे डॉ. रॉय रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६४ रुग्णांचं रक्त तपासलं आणि १९८६ मध्ये निष्कर्ष छापले. ५१ टक्के लोकांना एचआयव्हीची लागण झालेली होती. निम्म्याहून जास्त! आणि ग्लासगो, जे एडिंबऱ्यापासून साधारण आपल्या सोलापूरपासून पंढरपूर आहे तितकंच लांब आहे, तिथे हेरॉइन कमी नव्हतं. लागण मात्र खूपच कमी होती.

याच्या उलट वाट ॲमस्टरडॅमने धरली. तिथे नशा करणाऱ्यांनीच आपली संघटना काढली होती. काविळीची साथ थांबवायला १९८४ मध्ये त्यांनी जुनी सुई घेऊन नवी द्यायला सुरुवात केली. तज्ज्ञांनी नंतर याला हानी कमी करणं असं नाव दिलं. माणूस नशा आज सोडत नसेल, तर निदान आज त्याला रोग तरी लागू नये, एवढंच त्यात आहे. सुया वाटल्याने नशा वाढते का? जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये जगभरचे अभ्यास तपासले, तेव्हा तसा पुरावा मिळाला नाही.

हे आपल्या देशाला परकं नाही. भारतात २०२१च्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण शंभरात नऊ आढळलं. सर्वसाधारण प्रौढांत ते हजारात दोन आहे. म्हणून आपलं सरकार निवडक ठिकाणी मोफत सुया देतं. हेरॉइनसारखी अफूच्या जातीची नशा करणाऱ्यांना जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी केंद्रातच रोज समोर बसवून देतं. अशा पर्यायी औषधांनी एचआयव्ही लागण्याची शक्यता निम्म्याहून कमी होते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. जिमवाल्या इंजेक्शनसाठी मात्र अशी पर्यायी गोळी नाही. तिथे समुपदेशन, धीर आणि स्वच्छ सुई हेच आपल्या हातात आहे. हे मी त्या आईपासूनही लपवलं नाही.

मेडिकल दुकानवाल्या भावांनो, आता तुमच्याशी बोलते. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर त्या जिमवाल्या इंजेक्शनची बाटली देऊ नका, कुणी कितीही गळ घालू दे. पण दहा रुपयांची सिरिंज मागायला आलेल्या पोराला हाकलू नका. तुम्ही नाही म्हटलं म्हणून तो टोचायचं थांबणार नाही, मित्राची सुई घेईल. रोगाचा धोका कमी करायला अशी साधनं देण्याच्या कामाला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संरक्षण दिलं आहे. त्याच कायद्याने संमतीशिवाय तपासणी करायला आणि कुणाचा रिपोर्ट बाहेर सांगायला मनाई केली आहे. हे डॉक्टरांनीही एकदा नीट वाचावं, असं मला कळकळीने वाटतं.

बायांनो, ज्यांच्या घरात कुणी नशा करत नाही, त्यांनीही ऐका. गड्ड्याच्या जत्रेत हातावर नाव गोंदवून घेताना समोर नवी सुई फोडायला लावा. शाईसुद्धा वेगळ्या छोट्या टोपणात ओतून घ्यायला सांगा. दाढीचं ब्लेडही दरवेळी नवं हवं. रक्ताला वाट कुठूनही मिळते.

लागण झालीच, तर पूर्वीसारखं हातपाय गाळायचं कारण नाही. हेपटायटिस सी बहुतेकांचा गोळ्यांच्या साधारण १२ आठवड्यांच्या कोर्सने पूर्ण बरा होतो, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत. हेपटायटिस बी या दुसऱ्या काविळीची लस आहे. एचआयव्हीची औषधंही मोफत मिळतात. ती नियमित घेणारी माझी माणसं लग्नकार्य करतात, यंत्रमागावर पाळ्या करतात, नातवंडं खेळवतात. फक्त तपासणी एकदा करून थांबू नका. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे ती तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी परत या.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. गळू बरं झालं. दुसऱ्या तपासणीला तो आईशिवाय आला आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोन मित्रांकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यांना आत यायचंय, पण ओरडणार नाही ना?" मी उठून दारापर्यंत गेले.

पेन्सिल असेल तर घ्या, हळू सांगते. एचआयव्हीबद्दल विचारायला एक-शून्य-नऊ-सात. नशा सोडायला मदत हवी असेल तर एक-चार-चार-चार-सहा. दोन्हीकडे फोनला पैसे पडत नाहीत. घरात बोलायची सोय नसेल तर गच्चीवर जाऊन लावा, नाव सांगायची गरज नाही.

नमस्कार.