शेवग्याचं बी आणि प्लास्टिक धुतलेलं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

धारावीत तेरा कंपाउंडच्या गल्लीत शिरलं की पत्र्यांवर वाळत घातलेला प्लास्टिकचा चुरा दिसतो. आपण फेकलेल्या बादल्या, शांपूच्या बाटल्या इथे निवडतात, मशीनमध्ये दळतात, धुतात आणि मग त्यांचा दाणा करतात. या माणसांचे मुंबईवर उपकार आहेत, असं मी मनापासून मानते. आज बोलायचंय ते त्या धुण्याच्या पाण्याबद्दल.

बाटलीभर पाणी मी घरी आणलं. राखाडी, वर फेस, शांपूचा वास. रात्रभर खिडकीत ठेवलं, तरी सकाळी गढूळ ते गढूळच. त्यातल्या बारीक कणांवर ऋणभार असतो. ते एकमेकांना लोटत राहतात, तळाशी बसतच नाहीत.

शेवग्याच्या बियांमधल्या प्रथिनांवर असतो धनभार. ती या कणांना धरतात, गुठळ्या होतात आणि जड होऊन खाली बसतात. तुरटीही हेच करते, पण तिच्या गाळात ॲल्युमिनियम उरतं. आपल्याकडे पूर्वी माठाला आतून निवळी नावाच्या झाडाचं बी घासत. पाणी ‘निवळलं’ असं आपण अजून म्हणतो, ते बी मात्र विसरलो.

करून पाहायचं तर शेंग झाडावरच वाळू द्या. बी सोला, पांढरा गर कुटा, पाण्यात कालवून फडक्याने गाळा. ते दुधासारखं पाणी मैल्या पाण्यात घालून मिनिटभर जोरात ढवळा, मग वीसेक मिनिटं अगदी हलक्या हाताने. इथे घाई केली की जमलेल्या गुठळ्या फुटतात. माझ्या पहिल्या दोन खेपा तशाच फुकट गेल्या. मात्रा पाण्यागणिक बदलते, म्हणून आधी पाच-सहा ग्लासांत कमी-जास्त घालून बघावं. बी जास्त झालं तर तेच पाण्यात कुजतं. तेल काढलेली पेंड त्या मानाने बरी.

विरघळलेला साबण आणि धुताना घातलेला कॉस्टिक सोडा मात्र याने जात नाही. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगते कण लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत आणि सामू, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा pH, 5.5 ते 9 हवा. सामू वेगळा सांभाळावाच लागतो. पण निवळलेलं पाणी पहिल्या धुण्याला पुन्हा चालतं, आणि तेवढं तरी मिठी नदीत जात नाही.

राहिला गाळ. तो कुंडीत घालू नका. बोटावर घेतलात तर लेबलांचे चंदेरी कण चमकताना दिसतील; ते प्लास्टिकच आहे. घातक कचऱ्याची सोय तळोज्याला आहे. एकट्या गाळेवाल्याला तिथवर एक पोतं पाठवणं परवडत नाही. गल्लीतल्या दहा-बारा जणांनी मिळून टेम्पो भरला, तर जमेल.