पंप बदलायच्या आधी डिझेल कुठे अडतंय ते बघा

रिकामा ट्रक मस्त पळतोय, काही तक्रार नाही. पण लोड भरला आणि चढ लागला की गाडी दम टाकते, ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी ओढत नाही, मग डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटतो, गाडी लिंप मोडमध्ये जाते (इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं) आणि स्कॅनर लावला की कोड दिसतो, पी ००८७. म्हणजे रेल प्रेशर कमी, रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणारा हाय प्रेशरचा एकच सामायिक पाइप, कॉमन रेल. हा कोड दिसला रे दिसला की बऱ्याच ठिकाणी लगेच निकाल लागतो, हाय प्रेशर पंप गेला, नवीन टाका. आणि मग नवीन पंप टाकूनही गाडी त्याच चढावर परत तशीच थांबते.

का, ते बघू. ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये भरलं नाही, एवढंच तो कोड सांगतोय. कुणामुळे भरलं नाही हे त्याला माहीतच नसतं, ते आपण शोधायचं.

आधी डिझेलचा रस्ता डोक्यात पक्का बसवा. टाकीतल्या जाळीतून डिझेल वर येतं, पाणी वेगळं करणाऱ्या पहिल्या फिल्टरमधून फीड पंपात, तिथून बारीक फिल्टर, मग हाय प्रेशर पंप, रेल, इंजेक्टर आणि उरलेलं रिटर्न लाइनने परत टाकीत. काही गाड्यांमध्ये फीड पंप इलेक्ट्रिक असतो, टाकीजवळ किंवा टाकीतच, काहींमध्ये हाय प्रेशर पंपाच्याच पाठीला गिअर पंप असतो, त्यामुळे क्रम थोडा मागेपुढे होतो. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी, फीड पंपाच्या आधी डिझेल ओढलं जातं आणि फीड पंपानंतर ढकललं जातं. ही हद्द कुठे आहे ते आपल्या गाडीत हात लावून शोधून ठेवा, कारण ढकलणाऱ्या बाजूला लीक असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि डोळ्याला दिसतं, ओढणाऱ्या बाजूला लीक असेल तर बाहेर एक थेंबही येत नाही, उलट हवा आत जाते. गाडीखाली कोरडं दिसलं म्हणून लाइन चांगली आहे असं समजणारे इथेच फसतात.

आता स्क्रीनवर ही पारदर्शक नळी बघा. फीड पंपाच्या आधीचा रबरी होज काढून तिथे ही लावलीय, क्लिपा नीट आवळल्यात. इंजिन चालू केल्यावर सुरुवातीला चारदोन बुडबुडे जातात, ते नळी लावताना राहिलेल्या हवेचे, त्यांना काही किंमत नाही. दोनतीन मिनिटं थांबा. आता रेस द्या. हे बघा, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची सलग माळ पळतेय आणि रेस वाढवली की ती दाट होतेय, म्हणजे मागे कुठेतरी हवा घेतेय. आता एकेक जागा तपासत टाकीकडे मागे मागे जायचं. फिल्टर बाऊलची ओ-रिंग, हँड पंपाचं सील, बँजो बोल्टचे (ज्याच्या आतून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) कॉपर वॉशर (जुनेच परत वापरलेले असतात बहुतेक वेळा), आणि होजची ती जागा जी क्लिपखाली लपलेली असते, तिथे रबर चिरलेलं असतं आणि क्लिप काढल्याशिवाय दिसत नाही. टाकी फुल असताना गाडी नीट चालते आणि अर्ध्याच्या खाली गेली की त्रास, असं होत असेल तर टाकीतल्या उभ्या पाइपला वर कुठेतरी चीर आहे का ते बघाच, डिझेलची पातळी चिरेच्या खाली गेली की तो पाइप हवा ओढायला लागतो.

सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो आणि एकदा चालू झाली की दिवसभर ठीक, ही पण त्याच घरातली तक्रार. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं, कारण हवा शिरलेली असते किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाही.

बुडबुडे नाहीत, तरी गाडी ओढत नाही? मग रस्ता तुंबलाय का बघा. ओढणाऱ्या बाजूला व्हॅक्यूम गेज लावा, काटा मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या वर गेला तर पंप बिचारा ओढतोय पण मागून येत नाहीये. टाकीचं झाकण उघडताना जोरात हवा आत गेल्याचा आवाज आला तर व्हेंट बंद आहे, अशी गाडी तासभर चालून मरते आणि थोडा वेळ उभी राहिली की परत चालू होते, ड्रायव्हरला वेड लागायची पाळी येते. जाळीवर काळपट चिकट थर असेल तर टाकीत पाणी आहे, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, त्यांचा तो गाळ. आणि एक फार चकवणारी गोष्ट, जुन्या होजचं आतलं अस्तर सुटतं. बाहेरून होज एकदम चांगला, पण ओढ वाढली की आतलं अस्तर पडद्यासारखं मिटतं आणि वाट बंद करतं.

मला सगळ्यात विश्वासाची वाटते ती कॅनची टेस्ट. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्यायचं, गरम एक्झॉस्टपासून लांब पक्का बांधायचा, सप्लाय आणि रिटर्न दोन्ही त्यातच सोडायचे आणि गाडी उभी ठेवूनच रेस देऊन बघायची. आधी खाली पडणारं रेल प्रेशर आता टिकलं तर दोष टाकीत किंवा मागच्या लाइनमध्ये, पंपाला हात लावायची गरजच नाही.

मग ढकलणाऱ्या बाजूचं गेज. बारीक फिल्टरच्या आधी एकदा आणि नंतर एकदा माप घ्या. आधी भरपूर आणि नंतर पडलेलं, तर फिल्टर चोक. आधीच कमी, आणि मागची ओढ पण ठीक, तर फीड पंप किंवा त्याचा प्रेशर व्हॉल्व्ह कमजोर. आकडा मात्र तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच धरा, कारण गिअर पंपवाल्या बऱ्याच हेवी ट्रकमध्ये हे प्रेशर ४ ते ७ बारच्या आसपास असतं आणि काही पिकअपमध्ये १ बार सुद्धा नसतं.

या कमी प्रेशरच्या बाजूकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं याचं उदाहरण १९९८ ते २००२ च्या डॉज रॅम पिकअपमधलं, कमिन्सचं ५.९ लिटरचं २४ व्हॉल्व्ह इंजिन. त्यातला बॉशचा व्हीपी ४४ इंजेक्शन पंप डिझेलवरच थंड राहतो आणि डिझेलवरच वंगण घेतो. मागचा छोटा इलेक्ट्रिक लिफ्ट पंप (म्हणजे फीड पंपच) कमजोर झाला की महागडा पंप कोरडा पडून मरायचा, आणि लोक मोठा पंप बदलून लिफ्ट पंप तसाच ठेवायचे, मग नवीन पण गेला. आजच्या पंपांचं पण तेच, त्यांना वेगळं ऑइल नसतं (काही मोजके सोडले तर). म्हणून डिझेलमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल मिसळणं म्हणजे पंपाचं वंगण काढून घेणं. युरोपच्या ईएन ५९० मानकात डिझेलच्या वंगणाची वेगळी चाचणी आहे, तिच्यात ६० अंश सेल्सिअसला घासून पडणारा झिजेचा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच हाय प्रेशरकडे वळायचं. पण आधी ऐका. चालू कॉमन रेल इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करू नका, जुन्या इंजिनांवर नट सैल करून हवा काढायची सवय असते ती इथे जीव घेईल. लीक शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. हजार बारच्या वरची ती धार कातडीतून आत शिरते, वरून सुई टोचल्याएवढंच दिसतं, दुखत पण नाही फारसं, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि तातडीने सर्जनकडे गेलं नाही तर बोट किंवा हात जातो.

स्कॅनरवर मागितलेलं आणि प्रत्यक्षातलं प्रेशर शेजारी लावा. सेल्फ मारताना साधारण २०० बारच्या आसपास झाल्याशिवाय बरीच इंजिनं इंजेक्टर उघडतच नाहीत, आयडलला ३०० च्या आगेमागे, फुल लोडला १६०० ते २००० किंवा जास्त. इंजिन रात्रभर बंद असताना नुसती चावी फिरवून बघा, तेव्हाही सेन्सर शंभर बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा वायरिंग खोटं बोलतंय. बहुतेक रेल सेन्सर शून्य प्रेशरला अर्धा व्होल्ट देतात. मग प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली लावा, एखादी बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. रेलच्या टोकाचा रिलीफ व्हॉल्व्ह, त्याचा रिटर्न पाइप काढून सेल्फ मारा, त्यातून डिझेल आलं तर तो धरत नाहीये. हाय प्रेशर पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकतो, तो पण इथेच तपासून घ्या.

हे सगळं पास झालं आणि तरी प्रेशर भरत नाही, तर हो, पंप. आणि मग फिल्टर कापून बघा, त्याचा कागद उन्हात धरा. चंदेरी चमचम दिसली तर पंप आतून झिजून धातू सोडतोय आणि तो चुरा रेल, इंजेक्टर, रिटर्नमधून टाकीपर्यंत पोचलाय. अशा वेळी नुसता पंप बदलणं मला अजिबात पटत नाही, जुना चुरा नवीन पंपात शिरतो. पाइप, रेल, इंजेक्टर, टाकी सगळ्याचा हिशोब करूनच काम हातात घ्या.

नवीन पंप बसवल्यावर तो कोरडा फिरवू नका. हँड पंप कडक होईपर्यंत मारा, हवा काढा, सेल्फ एका वेळी ३० सेकंदांच्या वर नको आणि मधे दोन मिनिटं थांबा. मग लोड घेऊन त्याच चढावर स्कॅनर लावून जा, मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर एकमेकांना धरून राहतंय का बघा. टाकी धुतली असेल तर त्यानंतर बसवलेला फिल्टर नेहमीच्या मुदतीच्या बराच आधी काढा, आणि फेकायच्या आधी तो पण कापून बघा.