पॅच टाकला, तरी चोर आतच! सर्व्हरमधल्या आरसीई भोकाची गोष्ट

राम राम मंडळी! आज विषय जरा किचकट आहे, पण हातातला चहा संपेस्तोवर डोक्यात बसेल.

शिरोली एमआयडीसीत कुठल्याही फौंड्रीच्या गेटवर जावा. वॉचमन मामा वही पुढं सरकवतात. नाव, गाडी नंबर, कुणाकडं काम, सही. आता समजा, नावाच्या रकान्यात एखाद्यानं लिहिलं, ‘मागच्या गेटचं कुलूप काढा.’ मामा हसतील, पान उलटतील. पण मामा खरंच उठले आणि कुलूप काढून आले तर?

रिमोट कोड एक्झिक्युशन, म्हणजे आरसीई, ते हेच. बाहेरच्यानं नुसता मजकूर पाठवायचा आणि सर्व्हरनं तो हुकूम समजून पाळायचा.

डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजे प्रकरण आठवतंय? लॉगफोरजे म्हणजे जावा भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामची ही वहीच की, नोंदी लिहिणारी. स्क्रीनवर बघा: डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, आत जेएनडीआय, एलडॅप (दुसऱ्या सर्व्हरकडून काही मागवायचे हे शब्द) आणि हल्लेखोराच्या सर्व्हरचा पत्ता. बस्स, एक ओळ. लॉगिनच्या चौकटीत टाका, नाहीतर माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये. नोंद लिहिता लिहिता लॉगफोरजे त्या पत्त्यावर जायचं आणि तिथला कोड आणून इथं चालवायचं! गांभीर्य दहापैकी दहा. २.१५ या आवृत्तीत दुरुस्ती आली, तीही अपुरी निघाली, मग २.१६, मग २.१७. पहिल्याच दिवशी अपडेट मारून निवांत झोपलेल्यांना परत उठावं लागलं. आणि कितीकांना तर आपल्याकडं लॉगफोरजे आहे हेच ठाऊक नव्हतं. ते दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेलं.

आता माझी फजिती. कंपनीचं नाव घेत नाही, माणसं आपलीच आहेत.

त्याच वर्षीचा मार्च. मायक्रोसॉफ्टनं एक्सचेंज मेल सर्व्हरसाठी २ तारखेला तातडीचा पॅच, म्हणजे असंच भोक बुजवणारी दुरुस्ती, दिला. आमचा सर्व्हर ऑफिसच्या मागच्या खोलीत, वर गणपतीचा फोटो. मी पॅच टाकायला गेलो तर अकाउंट्सच्या वहिनी म्हणाल्या, “मार्च एंडिंग हाय, सर्व्हरला हात लावायचा नाही.” गप बसलो. चूक माझीच, मालकांपर्यंत जायला पाहिजे होतं. शेवटी पॅच पडला, मशीन रीस्टार्ट झालं आणि आम्ही थाटात मिसळ खायला गेलो.

दोन दिवसांनी एएसपीनेट-क्लायंट नावाच्या फोल्डरात एक बारकी फाइल दिसली. तारीख पॅचच्या नऊ दिवस आधीची. उघडली. कामाची ओळ एकच, मतलब असा की बाहेरून येईल ते चालव. याला वेब शेल म्हणतात. कट लावून खाल्लेली मिसळ जागच्या जागी गार पडली.

पंचगंगेचं पाणी उतरलं म्हणून घरातला गाळ आपोआप जातोय काय? पॅचनं नवं पाणी थांबतं. आधी आलेला गाळ आपल्यालाच उपसायचा असतो. जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच शेअरपॉइंटवर, म्हणजे ऑफिसच्या फाइली ठेवायच्या सर्व्हरवर, हल्ले झाले, त्यात तर चोरांनी सर्व्हरच्या मशीन की, म्हणजे त्याच्या गुप्त किल्ल्या, पळवल्या. म्हणजे भोक बुजवलं तरी त्या किल्ल्यांनी परत आत यायचं. पॅचसोबत किल्ल्याही बदला, असं मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं.

म्हणून पॅच टाकल्यावर आधी वेबच्या फोल्डरांत नव्या फाइली शोधा, मग अनोळखी ॲडमिन खाती. सर्व्हर बाहेर कुणाशी बोलतोय तेही तपासा. मेल सर्व्हरनं रात्री तीनला भलत्याच पत्त्यावर जायचं कारण काय? काही सापडलं तर पुसू नका, आधी कॉपी काढा. आणि एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, सहा तासांत कळवावं लागतं. मालक गावाला गेलेत, हे कारण तिथं चालत नाही.

यंदा मी फेब्रुवारीतच वहिनींकडून लिहून घेतलंय: मार्चमध्येसुद्धा दर शनिवारी रात्री अकरा ते एक, सर्व्हर माझा.