आधी वारा, मग लाकूड

(दृश्य: शिवाजी पेठेतलं जुनं घर, मागचं परडं. दिवाळीची पहाट.)

घरात गीझर आहे, गॅसही आहे. तरी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला कोल्हापुरातल्या काही घरांत माळ्यावरून पाणी तापवायचा तांब्याचा बंब खाली उतरतोच. तो चिंचेनं घासायला कुणीही पुढं येतं. पेटवायला मात्र ठरलेलं माणूस लागतं.

(दृश्य: नातू बंबाच्या नळीत कागद आणि काटक्या कोंबतोय. धूर.)

"आज्जी, पेटंना की गं!"

"पेटंल कसा? गळ्यापतोर कोंबलंयस. त्येला श्वास घ्यायला जागा ठेवलीस व्हय? काढ सगळं भाईर."

आज्जीचं बरोबर आहे. बंबाच्या मधोमध उभी नळी, नळीच्या बुडाशी जाळी आणि भोवतीनं पाणी. नळीतली हवा तापली की हलकी होऊन वर निघते आणि जाळीखालून ताजी हवा आत ओढली जाते. ही ओढ एकदा लागली की फुंकणीसुद्धा लागत नाही. म्हणून सुरुवात काडेपेटीपासून नाही, राखेपासून. जाळीत बसलेली जुनी राख आज्जी आधी सळईनं पाडते. मग उसाच्या चिपाडाचा सैल बोळा, त्यावर बोटाएवढ्या काटक्या आडव्यातिडव्या, आणि जाळ वर दिसायला लागल्यावर करवंटी. बाभळीची ढलपी सगळ्यात शेवटी.

(दृश्य: जवळून. ओल्या लाकडाच्या टोकाला फेस.)

लाकूड पेटलं असं आपण म्हणतो खरं, पण ज्योत असते ती वायूची. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी जातं, मग जळणारे वायू सुटतात. ते न जळताच निसटले की धूर. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. मग सगळी आच ते पाणी उडवण्यात खर्ची पडते. लाकूड चुरचुरतं, टोकाला फेस धरतं आणि घरभर डोळे चोळत बसायचं. चांगल्या जळणात पाणी वीस टक्क्यांच्या आत हवं. आज्जी मोजत नाही, दोन ढलप्या एकमेकींवर आपटते. ठणठणीत वाजल्या तर वाळल्या, बद्द वाजल्या तर परत उन्हात. कोल्हापूरचा पाऊस ज्याला माहीत आहे, तो जळण मिरगाआधीच माळ्यावर चढवतो.

जळणाचेही स्वभाव असतात. चिपाड भडकतं आणि लगेच संपतं. म्हणून तर गुऱ्हाळात चुलवाणापुढचा, म्हणजे गुळाच्या भट्टीपुढचा, जळव्या क्षणभर हलू शकत नाही, सारखं टाकत राहावं लागतं. करवंटीचा जाळ जोरकस. शेणी, म्हणजे गोवरी, सावकाश धुमसते, तिची धग टिकते. बाभळीचा निखारा सगळ्यांत चिवट.

रॉकेल ओतणारे शूर लोक अजून आहेत. तापल्या निखाऱ्यावर रॉकेल पडलं की त्याची वाफ होते, ती भडकते आणि नळीतून सरळ वर येते. वाकून बघणाऱ्याचं तोंड तिथंच असतं.

(दृश्य: बंदिस्त न्हाणीघराचं दार.)

फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्यांनी एक ऐकावं. दार-खिडकी लावलेल्या न्हाणीघरात बंब पेटवू नका. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं आणि माणूस बेशुद्ध पडतो. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक समजू नयेत. बंब परड्यात किंवा उघड्यावरच.

(दृश्य: तोटीतून वाफाळतं पाणी.)

"आज्जी, माझी झाली आंघोळ!"

"झाली तर झाली. बंबात पाणी घाल आधी."

शेवटच्या माणसाकडून हेच राहून जातं. जाळीवर निखारे असतात आणि भोवतीचं पाणी संपलेलं. पाणी आहे तोवर तांबं फार तापत नाही. कोरडा पडला की सांधे उकलतात, आणि बंबाला डाग देणारा कारागीर हल्ली पेठेत सहजासहजी मिळत नाही.