शुगर निघाली, आता डब्यात काय?

(पडद्यावर लॅबचा रिपोर्ट, एका ओळीवर बोट)

एचबीएवनसी 9.1. म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती चढलेली होती त्याचा हिशोब, कारण लाल पेशी जगतात 120 दिवसांच्या आसपास आणि तेवढा वेळ त्यांना साखर चिकटत राहते, त्यामुळे टेस्टच्या आदल्या दिवशी गोड बंद केलं म्हणून हा आकडा काही खाली येत नाही. 5.7 च्या आत असेल तर ठीक, 6.5 किंवा वर गेला की डायबेटिस.

हा रिपोर्ट ज्यांचा आहे ते बेस्टमध्ये कंडक्टर आहेत, वय 44, राहायला विक्रोळीला कन्नमवार नगरात, आणि अंगाने एकदम सडपातळ. रिपोर्ट हातात पडल्यावर त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला जो आपल्याकडे प्रत्येक बारीक माणूस विचारतो, अहो पण मी कुठे जाडा आहे, मला कशी काय शुगर?

ह्या प्रश्नावर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कितीतरी वर्षं काम केलंय. 2004 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात एक फोटो छापून आला होता, त्यात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! काटा तोच दाखवतो पण आत भरलेलं वेगळं असतं. आपल्या लोकांत ही चरबी पोटात, लिव्हरभोवती जमते, हातपाय बारीकच राहतात, आणि शर्ट इन केला की जे थोडंसं पोट पुढे दिसतं त्याला आपण सुटलेलं पोट म्हणून सोडून देतो.

भारतात 10 कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आहे असं आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या इंडियाब नावाच्या देशभरातल्या स्टडीने 2023 ला सांगितलं. आणि मुंबईत महापालिकेने 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेबरोबर जो सर्व्हे केला त्यात जवळपास 18 टक्के मोठ्या माणसांची उपाशीपोटीची साखर वाढलेली निघाली. तुमच्या मजल्यावर किती बिऱ्हाडं आहेत ते मोजा आणि अंदाज घ्या.

(स्वयंपाकघर, पहाटे, ओट्यावर उघडा डबा)

आता डबा बघू, कारण सगळी गोष्ट ह्या डब्यातच आहे. चार पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, एक वाटी भात, त्यावर वरण. कुणीही म्हणेल किती साधं घरचं जेवण आहे, तळलेलं नाही, गोड नाही, आणि ते खरंच आहे. पण मोजूया. एका मध्यम पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते, तिच्यात 20 ग्रॅमच्या आसपास कार्ब्स, म्हणजे स्टार्च आणि साखर, तर चार पोळ्यांचे झाले 80. वाटीभर शिजलेल्या भाताचे 40. बटाट्याचे पंधरा एक धरा. झाले 135 आणि वरण अजून मोजलंच नाही. लो कार्ब जेवण म्हणजे नक्की किती, ह्याची जी व्याख्या डॉक्टर लोक साधारण वापरतात ती आहे दिवसाला 130 ग्रॅमच्या आत, पूर्ण दिवसाला. ह्यांचा तेवढा कोटा एकट्या दुपारच्या डब्यात संपतो, आणि सकाळचे पोहे, रात्रीचं जेवण, डेपोच्या बाहेरचा वडापाव आणि साखर घातलेल्या पाच-सहा कटिंग अजून बाकीच आहेत.

पोळीतला, भातातला, बटाट्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच लांबच लांब साखळी, पोटात गेली की तुटते आणि ग्लुकोज होऊन रक्तात उतरते. ज्यांचं इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर खाली आणणारं हार्मोन, नीट काम करतंय त्यांना काही जाणवत नाही. पण ज्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठलीये त्यांचं लिव्हर इन्सुलिनचं ऐकत नाही, रात्रभर स्वतःच साखर बनवून सोडत बसतं, म्हणून रात्री काही गोड न खाता सकाळी उपाशीपोटी 170 दिसते आणि माणूस घाबरतो. त्यामुळे नुसती चहातली साखर बंद केली, बिस्किटं बंद केली आणि बाकी ताट तसंच ठेवलं तर फरक पडतो पण थोडा. घरोघरी बहुतेक इथेच गाडी अडते असं मला हे सगळं शूट करताना फार जाणवलं.

कंडक्टर साहेबांच्या घरी खरा बदल सुरू झाला तो एका छोट्या मशीनमुळे. घरच्या घरी साखर मोजायचा ग्लुकोमीटर मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलाय, कारण त्यांच्या मिसेस, आपल्या वहिनी, म्हणाल्या कपाटात ठेवला तर कोण काढणार. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पहिले काही दिवस जेवणाच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा आणि शेजारी काय खाल्लं ते लिहा. वहिनींनी मुलाच्या जुन्या वहीत लिहायला घेतलं. एका सुट्टीच्या सकाळी कांदेपोहे, खाण्याआधी 152, नंतर 241. दुसऱ्या सुट्टीला दोन अंड्यांचं ऑम्लेट, कांदा टोमॅटो घालून, सोबत मूठभर शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा, आधी 149, नंतर 163. वही पुढे करून वहिनी म्हणाल्या, "मला डॉक्टरांचं लेक्चर नाही कळलं, हे कळलं." बोटाला सुई टोचायची सगळ्यांनाच भीती वाटते, पण बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचलं तर दुखतं खूप कमी, हे त्यांना नर्सने दाखवलं आणि ते खरंच सगळ्यांना दाखवायला पाहिजे.

मग घरात भाकरी आली. शेजारीपाजारी, नातेवाईक सगळे सांगतात पोळी सोडा, ज्वारी खा. भाकरी चांगलीच आहे, फायबर जास्त, पोट भरतं, माझंही आवडतं खाणं आहे. पण शंभर ग्रॅम पीठ घेतलं तर गहू काय, ज्वारी काय, नाचणी काय, कार्ब्स 60 ते 70 ग्रॅमच्या घरातच, म्हणजे पोळीऐवजी तीन भाकऱ्या खाल्ल्या तर मशीनला फारसा फरक दिसत नाही. गुळाचंही तेच, साखरेच्या जागी गूळ घातला तरी तो बहुतेक साखरच असतो. धान्य बदलण्यापेक्षा धान्याची जागा कमी करणं हे खरं काम आहे, आणि ती रिकामी झालेली जागा कशानेतरी भरावी लागते नाहीतर माणूस चार वाजता भुकेने वडापावकडे जाणारच.

ती कशाने भरायची? मुंबईत राहून हा प्रश्न पडू नये खरंतर. (दृश्य: कोळणीची पाटी, बांगडे, मांदेली, बोंबील) माशात कार्ब्स जवळजवळ शून्य. फक्त रव्यात घोळवून तळायचे नाहीत, हळद, तिखट, आगळ लावून तव्यावर थोड्या तेलात. वहिनींनी पहिल्यांदा बिनरव्याचा बोंबील केला तेव्हा तो तव्याला चिकटून पार मोडला, मग त्यांनी पाट्याखाली दाबून आधी सगळं पाणी काढलं आणि जमलं. बाकी मेथी, चवळीची पालेभाजी, कोबी, दुधी, शिराळी, तोंडली, फ्लॉवर, वांगं ह्यांनी अर्धं ताट. मटकीची उसळ वाटीभर, तिच्यात कार्ब्स आहेत पण बरोबर प्रोटीन आणि फायबर येतं. ताक, पनीर, अंडी, कारळ्याची चटणी. पोळी एक. भात रविवारी, माशाच्या कालवणाबरोबर, लहान वाटी, तेवढा त्यांनी ठेवलाय आणि मला ते बरोबर वाटतं, कारण कालवण भात कायमचा तोडायला सांगितला तर महिन्याभरात सगळंच सुटेल.

किती कमी करायचं ह्यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाहीये. आपण भारतीय दिवसभराच्या कॅलरीतल्या 65 ते 75 टक्के कॅलरी कार्ब्समधून घेतो. 2022 मध्ये इंडियाब स्टडीवरूनच जो हिशोब मांडला गेला त्यात नव्याने डायबेटिस झालेल्यांसाठी कार्ब्स 49 ते 54 टक्क्यांवर आणा आणि प्रोटीन 20 टक्क्यांपर्यंत न्या असं निघालं, म्हणजे आपल्या ताटात बसेल असं. 130 ग्रॅमचा नियम त्याहून कडक. आणि ते दिवसाला जेमतेम 20-50 ग्रॅम कार्ब्सवालं कीटो तर फार वेगळं प्रकरण, ते व्हॉट्सॲपवर वाचून स्वतःच्या मनाने कुणीही सुरू करू नये, अगदी कळकळीने सांगतोय.

कारण ऐका काय झालं. कंडक्टर साहेबांना शुगरच्या दोन गोळ्या होत्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मेटफॉर्मिन एकटी असली तर सहसा साखर फार पाडत नाही, पण ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही भात खाल्लेला असो वा नसो. डब्यातून भात गेला, पोळ्या चारच्या एक झाल्या, गोळी तेवढीच राहिली, डॉक्टरांना कळवायचं राहून गेलं. दुपारी साडेतीनच्या सुमारास सायनच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी, तिकीट फाडताना हात थरथरायला लागले, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. एका म्हाताऱ्या प्रवासी बाईंनी ओळखलं, त्यांना स्वतःला शुगर होती, त्यांनी पर्समधून ग्लुकोजची पुडी काढून दिली. साखर 70 च्या खाली गेली की लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, नाही वाढली तर परत घ्यायची. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केली. इन्सुलिन घेणाऱ्यांना हाच धोका. आणि ज्यांना डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या आहेत त्यांनी एकदम कार्ब्स तोडले तर साखर नॉर्मलच्या जवळ दिसत असतानाही रक्तात ॲसिड वाढून थेट आयसीयूत जायची वेळ येऊ शकते. तेव्हा ताट बदलायच्या आधी डॉक्टरांना फोन, नंतर नाही. किडनीची टेस्टही आधीच करून घ्या म्हणजे प्रोटीन किती वाढवायचं ते ठरवता येतं. गरोदर बायकांनी तर हे स्वतःहून करूच नये.

हे सगळं लवकर का करायचं त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची ट्रायल झाली, 2017 ला निकाल आले, डायबेटिस होऊन सहा वर्षं झाली नव्हती अशा लोकांना काही महिने फक्त सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरीवर ठेवलं, अर्थात डॉक्टरांच्या नजरेखाली. वर्षभराने 46 टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती. ती लो कार्बची नाही, कमी कॅलरीची ट्रायल होती, पण तिने एक दाखवलं की लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली तर सुरुवातीच्या काळात शरीर परत सावरू शकतं. दोन वर्षांनी तोच आकडा 36 टक्के झाला, वजन परत वाढलं की साखरही परत येते. म्हणून मुळापासून बरा करतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

पैशाचंही बोलायला हवं. रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो, अंडी आणि मासे मिळत नाहीत. वहिनींनी त्यातून वाट काढली ती चणे, सोयाबीन, शेंगदाणे, सुका जवळा आणि बाजार उठायच्या वेळेला स्वस्त होणाऱ्या पालेभाज्यांतून. दोन स्वयंपाक करणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, भाजी आमटी सगळ्यांना एकच, मुलगा बारावीत आहे त्याला पोळ्या जास्त, बस. सासूबाईंशी मात्र वाजलं, संकष्टीला साबुदाण्याची खिचडी नाही म्हणजे काय! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, हे त्यांना वहीतला आकडा दाखवल्यावर पटलं. आता उपासाला भोपळ्याचं भरीत, दही, शेंगदाण्याची आमटी, आणि गोळी कधी घ्यायची ते आधी विचारून ठेवलेलं.

तीन महिन्यांनी परत टेस्ट केली, एचबीएवनसी 6.9. डॉक्टर खूश, पण म्हणाले अजून मेटफॉर्मिन चालू आहे, गोळी बंद असताना तीन महिने 6.5 च्या खाली राहिली की मग रेमिशन, म्हणजे आजार तात्पुरता मागे हटला, असं म्हणू. डोळ्यांचा पडदा तपासायला पाठवलं, पायाला बधिरपणा आहे का ते बघितलं, कोलेस्टेरॉलची टेस्ट लिहून दिली. उठता उठता वहिनींनी विचारलंच, "डॉक्टर, पुढच्या महिन्यात गणपती, मोदकाचं काय?" ते म्हणाले, "एक खाऊ देत, उकडीचा. त्या जेवणात भात पोळी नको, जेवून झालं की वीस मिनिटं चालायचं, आणि दोन तासांनी मोजून आकडा मला पाठवा."